विझलेलं ‘हो’

ज्यांनी कोणी ती चौकट बनवली त्यांच्यावर हा सरळ आरोप आहे: तुम्ही विचारायचं नाटक करता. ‘या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का?’ असं अदबीनं विचारता, खाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं मांडता, आणि त्यातलं ‘हो’ मारून ठेवता. करडं, विझलेलं, कितीही दाबा, ढिम्म. म्हणजे जेवायला थांबता का असं विचारायचं आणि विचारता विचारता ताट उचलून ठेवायचं. वर याला सुरक्षितता म्हणायचं. सुरक्षितता! माणसाला त्याच्याच घरात ‘नाही’ एवढंच बोलायची मुभा ठेवायची, याला साध्या भाषेत काय म्हणतात ते तुम्हालाही ठाऊक आहे.

त्या गुरुवारी दुपारी काकूंनी ते मेलेलं ‘हो’ सतरा वेळा दाबलं. माऊसनं दाबलं, बोटानं पडद्यावरच दाबलं, एकदा तर की-बोर्डवरची सगळ्यात लांब कळ अशी आपटली की टेबलावरची टाचण्यांची डबी उडून खाली सांडली. ‘हो’ जागचं हललं नाही. ‘नाही’ मात्र टवटवीत. ‘नाही’ दाबलं की चौकट गुपचूप मिटायची, आणि बाजूचं भरतकामाचं मशीन पुन्हा दगडासारखं गप्प.

हे मशीन आदल्याच दिवशी आलं होतं. मोज्यांचा एक कारखाना बंद पडला, त्याच्या सामानातलं. चार माणसांनी उचलून आणलं तेव्हा दाराची चौकट खरवडली गेली. मशीन ठणठणीत होतं, पण ते स्वतःच्या अकलेनं चालणारं नव्हतं. त्याचा प्रोग्राम आधी कॉम्प्युटरमध्ये टाकायचा, त्यात चित्र द्यायचं, मग मशीन ते चित्र कापडावर भरणार. आणि प्रोग्राम टाकायला गेलं की ती चौकट.

काकूंना अख्खी गल्ली काकू म्हणायची. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले बस डेपोचे बँडमास्तरसुद्धा. याच बँडमास्तरांनी सोमवारी चोवीस जाकिटांचं गाठोडं आणून टाकलं होतं. डेपोतल्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा बँड, रविवारी त्यांचं पहिलं संचलन, आणि प्रत्येक जाकिटाच्या खिशावर बिल्ला हवा: बसचं चाक आणि चाकाच्या मधोमध बिगुल. चित्र काकूंचं. स्वतः काढलेलं, कॉम्प्युटरवर, आठ वर्षं जुन्या प्रोग्रामात. बँडमास्तरांनी ते बघून मान डोलावली आणि म्हणाले, “काकू, शनिवारी दुपारपर्यंत मिळालं पाहिजे. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरीकडे टाकतो.”

काकू म्हणाल्या, “होईल.”

तो एक शब्द म्हणायला त्यांना तीस वर्षं लागली होती. घराच्या दर्शनी खोलीत नवऱ्याचं चाव्यांचं दुकान. बाहेरच्या पाटीवर हातभर अक्षरांत ‘सर्व प्रकारच्या चाव्या बनवून मिळतील’ आणि अगदी खाली कोपऱ्यात, रंगाऱ्याकडे रंग उरला म्हणून लिहिल्यासारखं, ‘पँट आखूड करून मिळेल’. ते कोपऱ्यातलं म्हणजे काकू. तीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड केल्या. स्वतःच्या चित्राचं काम आलं ते हे पहिलं.

मंगळवार-बुधवारमध्ये एक बिल्ला त्यांनी हातानं भरला. सहा तास लागले. उरले तेवीस. मशीनवर एकाला वीस मिनिटं, म्हणजे शुक्रवारचा एक दिवस पुरे. हातानं भरायचे तर रविवारी बँडला नुसत्या अंगानं वाजवायला लागलं असतं.

“अहो,” काकू म्हणाल्या.

“हं,” चावीवाला म्हणाला. खोलीत त्याचं बाक खिडकीकडे, काकूंचं टेबल भिंतीकडे. दोघं पाठीला पाठ लावून बसायची. संसाराची निम्मी बोलणी त्यांनी एकमेकांचं तोंड न बघता केली होती.

“गावाची कुलपं उघडता. हे उघडा की.”

“ते कुलूप नाही. कुलपाला भोक असतं,” कानस चालवत तो म्हणाला. “ज्याला भोक नाही त्याला मी काय करू? कंपनीवाले सगळे चोर आहेत. मी पहिल्यापासून म्हणतोय.”

“तुम्ही पहिल्यापासून सगळ्यांनाच चोर म्हणता.”

“धंद्याची सवय आहे.”

काकूंनी फोन लावला. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातली बाई, गल्लीच्या भाषेत दुरुस्तीवाली, चाळिशीची, तोंडात कायम एखादा स्क्रू धरून बोलायची. मागे एकदा तिचं शटर अडकलं होतं, ते चावीवाल्यानं अर्ध्या मिनिटात उघडलं होतं, तेव्हापासून या घराचा फोन ती पहिल्या घंटीला उचलायची.

“फॉरमॅट मारू,” ती म्हणाली. “सगळं पुसून नव्यानं टाकते. सोमवारी घेऊन जा.”

“सोमवारी काय करू? बँड रविवारी वाजणार आहे. आणि पुसल्यावर माझा चित्रांचा प्रोग्राम परत येईल का?”

“त्याची डिस्क असेल ना?”

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. ती डिस्क तीन वर्षांपासून सज्जात दोरीला लटकत होती, कबुतरांना भिववायला. आत्ता तिच्यावरच एक कबुतर बसलं होतं. “आहे,” त्या म्हणाल्या, “पण तिच्यावर कबुतरांनी काम केलंय.”

“मग ती चित्रं कशातच उघडायची नाहीत. तो प्रोग्राम आता कुठे मिळत नाही.”

तीनशेच्या वर चित्रं. रात्री जेवणं उरकल्यावर, पँटींतून डोकं वर काढून काढलेली. काकूंनी सज्जाकडे पाठ केली. मग म्हणाल्या, “पुसायचं नाही. दुसरं सांग. तुला येत नसेल तर येत नाही म्हण.”

हे टोमण्याचं औषध बरोबर लागू पडलं. दुरुस्तीवालीनं तोंडातला स्क्रू काढला असावा, कारण तिचा आवाज एकदम स्वच्छ झाला. “काकू, चौकटीत पासवर्ड लिहायला जागा दिसते का?”

“जागा नाही. नुसतं लिहिलंय, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल. हा कोण बाबा? या घरात आम्ही दोघंच राहतो.”

“तेच बघायचंय. काळी खिडकी उघडायची. मी सांगते तसं टाईप करा, एक अक्षर इकडचं तिकडे नको.”

दुरुस्तीवाली एकेक अक्षर सांगत गेली, काकू एका बोटानं मारत गेल्या. एंटर दाबल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी नावं उमटली.

“वाचा,” दुरुस्तीवाली म्हणाली.

“दोन-तीन कॉम्प्युटरची स्वतःची दिसतात, ती सोडते. मग काकू. मग पाहुणे. मग मालक.”

“मालक? सुरू करताना पडद्यावर कोण कोण दिसतं?”

“काकू आणि पाहुणे. मालक कधी बघितला नाही.”

“मग तोच तुमचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. सगळे अधिकार त्याच्याकडे, आणि त्याला लपवलंय. म्हणून चौकटीत तो येत नाही आणि म्हणून तुमचं ‘हो’ विझलेलं. आणि काकू, हे आपोआप होत नाही हां. खातं कोणीतरी मुद्दाम बसून लपवावं लागतं.”

फोन स्पीकरवर होता. खोलीत एवढा वेळ चाललेला कानशीचा आवाज थांबला.

काकूंनी खुर्ची वळवली. असं त्या क्वचितच करायच्या. “अहो.”

“हं.”

“मुद्दाम बसून लपवावं लागतं म्हणतेय.”

“ऐकलं.”

“या घरात मुद्दाम बसून काही करणारं मी सोडून एकच माणूस आहे.”

चावीवाल्यानं वाइसच्या पकडीतली चावी सोडवली, फुंकर मारली, पुन्हा लावली. मग तो म्हणाला, “तुझा भाऊ आठवतो का?”

“माझा भाऊ मी विसरीन? रविवारी तर येऊन तुमच्या ताटातला शेवटचा घास उचलून गेला.”

“आत्ताचा नाही. आठ वर्षांपूर्वीचा. कॉम्प्युटर नवा होता. तो यायचा, मोफत मिळतंय म्हणून काहीबाही टाकायचा. गाड्यांच्या शर्यती. मासे पळवायचा खेळ. शेवटी असं झालं की कॉम्प्युटर लावला की वीस मिनिटं नुसत्या जाहिराती नाचायच्या. आठवतं?”

“आठवतं. मग त्याला नको म्हणायचं होतं.”

“मेव्हण्याला तोंडावर नको कसं म्हणणार? मला धीर झाला नाही. मग मी कुठेतरी वाचलं, असं असं खातं करता येतं, लपवता येतं. म्हटलं, नाही म्हणायचं काम कॉम्प्युटरलाच देऊ.” तो थोडा खुलला, कारण त्यातली कारागिरी त्याला अजूनही आवडत होती. “काय झालं माहितेय का, दिसतं ते कुलूप कोणीही फोडतं. न दिसणारं कुलूप...”

“ते राहू दे. मला का नाही सांगितलं?”

“सांगणार होतो.”

“आठ वर्षं?”

“महिनाभरात त्याचा नाद सुटला, मग मी विसरलो. खरंच विसरलो गं.”

फोनमधून दुरुस्तीवाली म्हणाली, “काकू, मी नंतर करू का?”

“तू थांब,” काकू म्हणाल्या. “साक्षीला असू दे कोणीतरी.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि चावीवाल्याला ते चढण्यापेक्षा जास्त भारी पडत होतं. “प्रिंटर आणला होता, आठवतं? त्याचं ‘हो’ विझलं, परत केला. अक्षरांचं नवं वळण शिकायला एक प्रोग्राम टाकत होते, तेव्हाही तेच. दरवेळी ‘नाही’ दाबायचे आणि समजायचे की आपल्यालाच अक्कल नाही. शिकलेल्या बायकांचं ‘हो’ पेटत असेल, आपण आठवीत शाळा सोडली म्हणून आपलं विझतंय. आठ वर्षं. आणि तुम्ही माझ्या पाठीला पाठ लावून कानस घासत होतात.”

चावीवाल्यानं कानस खाली ठेवली. “चुकलं,” तो म्हणाला. तीस वर्षांत हा शब्द त्यानं या खोलीत बहुधा दुसऱ्यांदा काढला होता. पहिल्यांदा चुकीच्या घराचं दार उघडलं होतं तेव्हा.

“त्याचं नंतर बघू. आधी बँडचं बघू. पासवर्ड सांगा.”

चावीवाला डोकं खाजवायला लागला.

“पासवर्ड,” दुरुस्तीवाली फोनमधून म्हणाली, “सापडला तर पाच मिनिटांचं काम आहे. खातं दिसत नसलं तरी त्या काळ्या खिडकीतून नावानं हाक मारली की उठतं. फक्त पासवर्ड लागतो. आणि उगाच अंदाजे ढीगभर मारू नका, खातं अडकून बसेल.”

आता या माणसाच्या धंद्याची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. चावीवाला कुठलाही नंबर कागदावर लिहीत नसे आणि डोक्यातही ठेवत नसे. त्याच्या उस्तादानं त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं: कागद चोराला सापडतो, डोकं दोन पेल्यांनंतर बोलतं, पितळ बोलत नाही. म्हणून जपायचा नंबर असला की हा कोऱ्या चावीवर तेवढ्या खोल खाचा कापायचा. एक म्हणजे उथळ, नऊ म्हणजे खोल. मग ती चावी दोनशे चाव्यांच्या फळीवर कुठल्याही खिळ्याला लटकवून द्यायची. चोरानं बघितली तरी त्याला ती चावीच वाटणार. आणि खाचा मापल्या की नंबर हजर.

“सात खाचांची होती,” तो म्हणाला. “लांब मानेची, गोल डोक्याची. तुझ्या टेबलाजवळच्याच खिळ्याला लावली होती.”

काकूंनी टेबलाजवळच्या खिळ्याकडे बघितलं. तिथे कात्री लटकत होती. “मग आता कुठे आहे?”

चावीवाल्यानं मान खाली घातली. त्याची दुसरी एक रीत होती. वर्षातून एकदा तो फळी आवरायचा. ज्या चावीला कुलूप नाही ती भंगार, हा नियम. गल्लीतल्या कुठल्याच कुलपाला न लागणारी चावी तो पितळेच्या डब्यात टाकायचा आणि डबा भरला की ओतकाम करणाऱ्याला देऊन टाकायचा.

“म्हणजे तुम्ही कापलेली चावी,” काकू सावकाश म्हणाल्या, “तुम्हीच लावून बघितलीत, कुठेच लागली नाही म्हणून तुम्हीच वितळवायला दिलीत.”

“नियम म्हणजे नियम.”

फोनमधून खोकल्यासारखा आवाज आला. दुरुस्तीवाली हसत होती आणि तो खोकला आहे असं सगळ्यांना वाटावं म्हणून धडपडत होती.

काकू मात्र हसल्या नाहीत. त्या कात्रीच्या खिळ्याकडे बघत होत्या. “थांबा जरा. गोल डोक्याची म्हणालात? डोक्याला तीन भोकं, एक मोठं, दोन बारीक?”

“हो. तुला कशी माहीत?”

“चार-पाच महिने माझ्या डोळ्यासमोर लटकत होती, माहीत नसायला काय झालं?” बोलता बोलता त्यांनी मांडीवरचं कापड उचललं. कॉम्प्युटरचं कव्हर. कॉम्प्युटर लावला की त्या ते काढून मांडीवर टाकायच्या, बंद केला की परत घालायच्या. रोज, आठ वर्षं. खालच्या दुमडीच्या कडेनं निळ्या धाग्याचा काठ होता, उंच-सखल दातांचा, सात-सात दातांनी पुन्हा पुन्हा येणारा.

“कव्हरला काठ काय करावा म्हणून शोधत होते,” काकू म्हणाल्या. “हिचे दात आवडले. दुमडीला पाठ टेकवून ठेवली, पेन्सिल फिरवली, सरकवली, पुन्हा फिरवली. आहे त्याच मापाची आहे. कमी नाही, जास्त नाही.”

चावीवाला बाकावरून उठला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, कव्हर खिडकीच्या उजेडात धरलं आणि एकेक दात बोटानं मोजला. ज्या नंबरासाठी त्यानं खातं लपवलं, चावी कापली, चावीवर चाव्यांचा डोंगर रचला, तो नंबर त्याच्या बायकोनं निळ्या धाग्यानं भरून त्याच कॉम्प्युटरच्या गळ्यात घातला होता. एकदा नाही, अकरा वेळा.

“दिवसाढवळ्या,” तो पुटपुटला.

“मापा,” काकू म्हणाल्या. “कौतुक नंतर.”

बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आला. कव्हर टेबलावर ताणून चार टाचण्यांनी बसवलं. चावीवाल्यानं श्वास रोखून दुमडीपासून एकेका खाचेची उंची घेतली, ओठ हलवत नंबर सांगितले. “पाच. आठ. तीन. सात. चार. नऊ. सहा.”

काकूंनी काळ्या खिडकीत दुरुस्तीवालीनं सांगितलेले शब्द मारले, पुढे मालकाचं नाव. पासवर्ड विचारला. त्या मारायला लागल्या आणि थांबल्या. “अगं, काहीच उमटत नाही. की-बोर्ड मेला वाटतं.”

“उमटतच नाही ते. ठिपकासुद्धा दाखवत नाही. आंधळ्यानं मारल्यासारखं मारायचं,” दुरुस्तीवाली म्हणाली.

“चुलीत घाला यांची सुरक्षितता,” काकू म्हणाल्या आणि आंधळ्यानं मारल्यासारखं मारलं.

चूक आहे, असं कॉम्प्युटरनं कळवलं.

चावीवाल्यानं पुन्हा मापलं. दुसऱ्या काठावर, तिसऱ्या काठावर. तेच सात आकडे. “माझं माप चुकत नाही,” तो म्हणाला, आणि यात फुशारकी नव्हती, ते खरंच होतं. “कापड आटलं असेल.”

“पहिल्याच दिवशी भिजवून वाळवून मग शिवलंय. माझं कापड आटत नाही.” हीसुद्धा फुशारकी नव्हती. काकूंनी काठाला नख लावलं, दातावरून फिरवलं. मग त्या थांबल्या. “तुम्ही कुठून मापताय?”

“दुमडीपासून धाग्याच्या कडेपर्यंत.”

“आणि पेन्सिलची रेघ कुठे असते?”

“कुठे असते?”

“अहो, टाका रेघेच्या आतून घालायचा असतो. रेघेवर घातला तर पेन्सिल दिसते, काम घाण दिसतं. एका धाग्याएवढं आत. तीस वर्षं तुमच्या पाठीमागे बसून हेच करतेय मी, एकदा वळून बघितलं असतं तर कळलं असतं.”

चावीवाल्यानं निळ्या रिळातला धागा ओढला आणि व्हर्नियरमध्ये धरला. आकडा बघितला. त्याच्या चाव्यांत एका नंबरची खाच दुसऱ्या नंबरच्या खाचेहून बरोबर तेवढीच खोल असायची. त्यानं बायकोकडे असं बघितलं जसं कुठल्याही कुलपाकडे कधी बघितलं नव्हतं.

“म्हणजे दात एका धाग्यानं बुटका दिसतोय,” तो म्हणाला. “खाच एका नंबरनं जास्त खोल वाटतेय. प्रत्येक आकड्यातून एक कमी.”

“बोला.”

“चार. सात. दोन. सहा. तीन. आठ. पाच.”

काकूंनी मारले. एंटर. काळी खिडकी लुकलुकली. मग तिच्या पोटातून दुसरी खिडकी उघडली, आणि तिच्या माथ्यावर लिहिलं होतं: मालक.

“उठलं,” काकू म्हणाल्या.

“आता मशीनचा प्रोग्राम यातून चालवा,” दुरुस्तीवाली म्हणाली. “काय टाईप करायचं ते सांगते.”

तीच चौकट आली. तोच अदबीचा प्रश्न. ‘हो’ आणि ‘नाही’. पण या वेळी ‘हो’ पेटलेलं होतं. निळं, भरीव, काकूंच्या काठाच्या धाग्यासारखं.

“दाब की,” चावीवाला म्हणाला.

“थांबा. आठ वर्षांनी भेटतंय. जरा बघू दे.”

त्यांनी पोटभर बघितलं आणि मग दाबलं.

मशीनवरचा छोटा दिवा लाल होता तो हिरवा झाला. चाकातल्या बिगुलाचं चित्र पडद्यावर आलं. काकूंनी जाकिटाचा खिसा रिंगेत ताणून बसवला, सुई खाली आली, आणि खोलीभर असा खडखडाट सुरू झाला की सज्जातलं कबुतर डिस्क सोडून उडालं. डिस्कनं तीन वर्षांत जे केलं नाही ते मशीननं पहिल्या मिनिटात केलं.

“बाप रे,” फोनमधून दुरुस्तीवाली ओरडली, “हे काय चालू आहे?”

“बँड,” काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी दुरुस्तीवालीला विचारून दोन कामं केली. मालक नावाचं खातं उजेडात आणलं, म्हणजे कॉम्प्युटर लावला की ते आता सगळ्यांना दिसतं. आणि मालकाकडचे सगळे अधिकार ‘काकू’ या खात्यालाही दिले. चावीवाल्याला ‘पाहुणे’ खातं मिळालं. त्यानं कुरकुर केली नाही. एकदा फक्त म्हणाला, “मला पत्ते खेळायचा खेळ टाकायचा असेल तर?”

“मला विचारायचं,” काकू म्हणाल्या. “मी हो म्हणेन. माझं ‘हो’ चालू आहे.”

नवा पासवर्ड काकूंनी स्वतः ठरवला. तो पितळेत कापलेला नाही, कागदावर नाही, डोक्यावरही सोपवलेला नाही. कुठल्यातरी कापडाच्या कुठल्यातरी काठात आहे. घरात कापडं चिकार आहेत. चावीवाल्याला तो त्यांनी सांगून टाकलाय, पण तो कुठे भरलाय ते सांगितलेलं नाही, आणि ती जागा शोधायला चावीवाला अधूनमधून उशीच्या अभ्र्याला व्हर्नियर लावताना सापडतो.

शनिवारी अकरा वाजता बँडमास्तर आले. चोवीस जाकिटं घडी करून तयार. त्यांनी एकेक खिसा बघितला आणि हातानं भरलेला तो एक बिल्ला तेवढा बाजूला काढला. “हा वेगळा दिसतो.”

“तो माझ्या हाताचा आहे,” काकू म्हणाल्या. “चालत नसेल तर उसवून...”

“हा मी घालणार,” बँडमास्तर म्हणाले. मग दाराशी जाऊन त्यांनी वर बघितलं. “काकू, तुमची पाटी कुठली? ती कोपऱ्यातली? तिच्यात पँटच लिहिलंय फक्त. आमच्या डेपोत एक रंगारी आहे.”

चावीवाला बाकावरून म्हणाला, “पाठवा त्याला. वरची ओळ थोडी बारीक केली तरी चालेल.”

काकू वळून बघायच्या आत तो पुन्हा कानस घासायला लागला होता. पण त्याचं बाक आता खिडकीकडे नव्हतं. शुक्रवारीच त्यानं ते आडवं लावून घेतलं होतं, म्हणजे मान न वळवता टेबल दिसतं. उजेडासाठी, असं तो म्हणतो.

बँडमास्तर गेल्यावर काकू कॉम्प्युटर बंद करायला बसल्या, तर कोपऱ्यात एक नवी चौकट आली. ‘तुमचा अनुभव कसा होता? पाचपैकी किती तारे द्याल? तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ खाली लिहायला ऐसपैस जागा. पासवर्डाला जागा नव्हती, कौतुकाला होती.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि एका बोटानं लिहायला घेतलं. लिहिताना त्या शब्द मोठ्यानं म्हणतात.

“ ‘लपवालपवी आमच्याच घरातल्या माणसाची होती.’ ”

“अगं, मी चुकलं म्हटलं ना,” चावीवाला म्हणाला.

“तुम्हाला नाही लिहीत. तुमची पाळी झाली.” आणि त्या पुढे लिहीत गेल्या:

‘त्याची चूक त्यानं कबूल केली. तुम्ही तुमची करा. खातं लपवलेलं आहे हे तुमच्या कॉम्प्युटरला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चौकटीत एक ओळ लिहिली असती, की बाई, दोष तुझा नाही, परवानगी देणारा तुझ्याच घरात लपलाय, तर मी आठ वर्षांपूर्वीच त्याला बाहेर ओढलं असतं. ती ओळ तुम्ही लिहिली नाहीत. नुसतं ‘हो’ विझवलंत आणि मला माझ्या अकलेवर संशय घ्यायला लावलंत. अशा किती बायका आणि किती माणसं आत्ता या घडीला ते करडं बटण दाबत बसली असतील आणि स्वतःला मठ्ठ म्हणत असतील, ते मोजलंत का कधी? तारे मागू नका. मला एवढंच सांगा: ‘हो’ म्हणू द्यायचंच नव्हतं, तर मला विचारलंत कशाला? उत्तर द्या.’